मागच्या डाव्या सीटचं वजन

माझे घरमालक गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसून माणसाचं वजन सांगत. आपण मागच्या सीटवर बसायचं आणि हलायचं नाही. ते खिशातून लाकडी पट्टी काढत, चाक आणि वरचा मडगार्ड यांच्यामधलं अंतर मोजत, उठून गुडघे झटकत आणि आकडा सांगत. पहिल्यांदा त्यांनी माझं वजन असं काढलं तेव्हा मी नाक्यावरच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर जाऊन खात्री करून घेतली. दोन किलोचा फरक आला. मी परत येऊन तसं सांगितलं.

"काटा चुकतोय," ते म्हणाले, आणि चप्पल घालून दुकानाकडे निघाले. संध्याकाळी त्या काट्यावर गोणपाट टाकलेलं होतं.

ते वजन-मापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मी त्यांच्याकडे राहायला गेलो ते ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांत. बोरिवली पूर्वेला, हायवेच्या अलीकडे, तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. ते मला 'संपादक' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं.

गॅलरीत एका फळीवर त्यांची स्वतःची लोखंडी वजनं मांडलेली असत. किराणा घरी आला की तराजू बाहेर निघे. वजनांना ते महिन्यातून एकदा तेलाचा हात लावत, कारण गंज चढला की वजन बदलतं. किती बदलतं, असं मी विचारलं. "तुम्हाला कळणार नाही इतकं," ते म्हणाले. बाजारात त्यांना पाहून भाजीवाली शेजारणीला हाक मारी, "आला गं वजनवाला," आणि पारड्याखाली चिकटवलेलं काहीतरी काढून टाके.

"साहेब, आता तरी सोडा ना. रिटायर झालात ना?" तिने एकदा विचारलं.

"मी झालो. काटा झाला नाही."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्या महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्याही निवृत्त. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणत असे. दोघं एका घरात राहत, एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकांशी बोलत नसत.

हे मला पहिल्याच सकाळी कळलं. ताई चहा घेऊन आल्या. मालक माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"त्याला सांग, चहा ठेवलाय," ताई मला म्हणाल्या.

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी कप उचलून एक घोट घेतला.

"तिला सांगा, साखर कमी आहे."

"त्याला सांग, साखर संपलीय. कमी कसली."

निरोप पोचवायची गरज नव्हती, दोघांना सगळं ऐकू जात होतं. फक्त मी तिथे बसलेला असायला हवा होता. माझ्या आधी त्या खोलीत बँकेतला एक कारकून राहत होता. त्याची बदली झाल्यावर खोली काही महिने रिकामी होती. ते दिवस फार अवघड गेले, असं ताई म्हणाल्या. "गॅस संपला तरी सांगणार कोणाला?" दोघांना पेन्शन होती, घर स्वतःचं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोली भाड्यासाठी दिलेली नाही. त्यांना घरात तिसरं माणूस लागत होतं.

कारण ताईंनीच एका दुपारी सांगितलं. मटार सोलत होत्या. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही.

"मला बघायला आले होते, गिरगावातले. चांगलं घर होतं. मध्यस्थाने माझं वय सव्वीस सांगितलेलं. तेव्हा सगळेच सांगायचे तसं. त्यांच्या हातातले पोहेसुद्धा संपले नव्हते रे. मुलाच्या मामांनी याला सहज विचारलं, बहिणीचं वय काय? हा म्हणाला, एकतीस पूर्ण." त्यांनी एक शेंग उघडली. त्यातले दाणे किडके निघाले, ते बाजूला टाकले. "पूर्ण, म्हणाला. मला अजून त्या 'पूर्ण'चा राग येतो."

मालकांना मी कधीतरी हाच विषय काढून विचारलं. ते गाडी पुसत होते. "खोटं माप मी कसं चालवून घेणार होतो?" ते म्हणाले. काच पुसून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "मी नोकरीला नुकताच लागलो होतो तेव्हा." यापेक्षा जास्त काही मी त्यांच्याकडून ऐकलं नाही.

गाडी हा घरातला एकच भाग असा होता, जिथे निरोपाशिवाय काम चाले. टॅक्सी म्हणून काळ्या-पिवळ्या रंगात धावणारी जी छोटी गाडी होती, तीच यांच्याकडे फिकट राखाडी रंगात होती, सेकंडहँड घेतलेली. रविवारी सकाळी ताई मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसत. मालक चालवत. मरोळला ताईंची एक जुनी सहशिक्षिका राहत असे, तिच्याकडे जायचं. हायवेने गोरेगावपर्यंत, मग आरे कॉलनीच्या रस्त्याने. मला सुट्टी असली की मीही पुढच्या सीटवर असे. आरेचा रस्ता तेव्हा झाडीतून वळत वळत जाई आणि रविवारी मोकळा असे. मालकांना तो रस्ता आवडे. ताईंना आवडत नसे.

एका रविवारी एका वळणावर ताईंनी माझ्या खांद्याला हात लावला. "थांबव म्हणावं." गाडी थांबली. ताई उतरून मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मालक गाडीशेजारी उभे राहिले, पाण्याची बाटली माझ्याकडे देऊन.

थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "त्याला सांग, ही गाडी वळणावर मोडक्या खाटेसारखी कलते. मला मळमळतं. गावाला मी हिच्यातून जाणार नाही. एस.टी.ने जाईन."

गावाला जाण्याची गोष्ट त्या दिवशी मालकांनी पहिल्यांदा ऐकली, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. ताईंचं ठरलेलं होतं. संगमेश्वरपासून आत त्यांचं गाव. तिथलं घर चुलत वहिनी एकटीने सांभाळत होती. ताई तिच्याकडे कायमच्या राहायला जाणार होत्या.

"अचानक का?" मी विचारलं.

"अचानक कुठे? इथे बोलायला माणूस नाही," ताई म्हणाल्या. मालक हाताच्या अंतरावर उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीच्या झुकण्याचा प्रश्न हाती घेतला.

गाडी वळते तेव्हा तिचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. या गाडीला मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवा पोलादी दांडा असतो. एक बाजू दबली की दांडा पिळला जातो आणि दुसरी बाजूही खाली ओढून धरतो. दांडा जाड, तर पीळ कमी आणि झुकणंही कमी. मालकांनी मला हे जेवणाच्या टेबलावर, उलथनं दोन हातांत धरून समजावलं. ताई वाढत होत्या. "त्याला सांग, उलथनं वाकेल," त्या म्हणाल्या.

पण दांडा किती जाड हवा हे मागे किती वजन बसणार यावर ठरतं, आणि मागे ताई बसणार होत्या. त्यांचं वजन विचारायचं तर निरोप माझ्यामार्फत जाणार. मालकांनी मला तो निरोप दिला नाही. पुढच्या रविवारी ताई गाडीत बसल्या, तेव्हा ते टायर बघायच्या निमित्ताने मागे वाकले आणि पट्टी लावली. मरोळला ताई मैत्रिणीकडे वर गेल्यावर त्यांनी डिकी उघडली. आत गॅलरीतली वजनं होती. ती एकेक करून त्यांनी मागच्या डाव्या सीटवर रचली, पुन्हा पट्टी लावली, एक वजन काढलं, दुसरं ठेवलं, आणि मडगार्डचं अंतर ताई बसल्या होत्या तितकंच भरलं तेव्हा थांबले. समोरच्या इमारतीतली दोन माणसं गॅलरीतून बघत होती.

"किती आलं?" मी विचारलं.

त्यांनी वजनं परत डिकीत ठेवली आणि हात पुसले.

"ते सांगायचं नसतं," ते म्हणाले.

त्यांचं मागे वाकणं ताईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "काय रे, तो मागे वाकून काय मोजतो सारखं?" घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं.

"गाडी कलू नये म्हणून."

"मी बसले म्हणून कलते, असं म्हणतो का?"

"तसं काही म्हणाले नाहीत."

"म्हणायचा नाही. मोजून ठेवील," ताई म्हणाल्या.

मालाडला एक गॅरेज होतं. बाबी नावाचा मालवणकडचा माणूस ते चालवी. मालकांनी त्याला जाड दांडा बसवायचा म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"साहेबानू, टॅक्सीवाले ह्यो दांडो काढून भंगारात टाकतत. आणि तुमी जाडो घालतास?"

"ते टॅक्सीवाले. मी टॅक्सी चालवत नाही."

पहिला दांडा एका जीपचा होता, भंगारातून आणलेला. तो बसवल्यावर गाडी झुकायची थांबली, पण एका चाकाखाली खड्डा आला की दणका दोन्ही बाजूंना बसू लागला. ताई त्यातून मरोळला गेल्या आणि उतरताना म्हणाल्या, "त्याला सांग, आता कलत नाही, आपटते. मी काय पोस्टाचं पार्सल आहे?" दुसरा दांडा जरा बारीक होता, वाकवताना त्याला नीट पाणी दिलं गेलं नव्हतं, तो कांदिवलीच्या अलीकडे हायवेवर मोठा आवाज करून तुटला. तिसरा त्यांनी घाटकोपरला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्या बनवणाऱ्या एका लोहाराकडून करून घेतला. भट्टीसमोर स्वतः उभे राहिले. मी त्या दिवशी बरोबर नव्हतो. पण बाबीने सांगितलं की लोहाराने दांडा पाण्यातून काढल्यावर साहेबांनी तो गार होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

या सगळ्याला काही महिने गेले. ताईंचं निघणं त्यामुळे लांबत होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी एक ट्रंक भरून ठेवली होती. मधून मधून त्या ती उघडत, एखादं लुगडं बाहेर काढत आणि दुसरं आत ठेवत.

तिसरा दांडा बसवताना बाबी गाडीखालून म्हणाला, "आता झाला झकास. पण एक सांगतंय. मागे माणूस बसलेला असला तर ठीक. रिकामी न्हेलास तर वळणावर गाडी मागसून फिरतली."

"रिकामी न्यायची नाही," मालक म्हणाले.

"कायम कोणतरी बसतला?"

"ताई बसणार."

त्या रविवारी ताई मैत्रिणीसाठी पातेलं भरून कढी घेऊन निघाल्या. झाकण सैल होतं. पातेलं त्यांनी मांडीवर घेतलं. मी म्हटलं, खाली ठेवा. "राहू दे," त्या म्हणाल्या. आरेच्या रस्त्याला मालकांनी वेग कमी केला नाही. त्या मोरीचं वळण आलं आणि गेलं. गाडी रस्त्याला धरून सरळ बसल्यासारखी वळली. मी मागे पाहिलं. ताई पातेल्याकडे बघत होत्या. मरोळला उतरताना त्यांनी पदराने पातेल्याची कड पुसली. कड कोरडीच होती.

घरी आल्यावर मालक गॅलरीत वजनांना तेल लावत बसले. ते काम आदल्याच आठवड्यात झालं होतं. जेवायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. शेवटी ताई गॅलरीच्या दारात आल्या. मी खोलीत पेपर वाचत होतो.

"त्याला सांग रे," त्या म्हणाल्या, "कढी सांडली नाही."

"ऐकलं," मालक म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते 'तिला सांगा' म्हणाले नव्हते. ताई दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या. एस.टी.चं आरक्षण करून आण, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "तिकिटाचं राहू दे. गाडीनेच जाऊ."

निघण्याच्या आधी गाडी एकदा बाबीकडे नेली. तो दांड्याच्या टोकांचे रबरी बुश तपासत होता. बोलता बोलता त्याने विचारलं, "लांब जातास?"

"ताईंना गावी पोचवायचंय."

"परत कधी येतली ताई?"

"तिथेच राहणार आहे."

बाबी गाडीखालून बाहेर सरकला आणि तसाच पाठीवर पडून मालकांकडे बघत राहिला.

"म्हणजे ताईंका पोचवूक दांडो घातलास? मगे येताना मागे कोण बसतला?"

महिनोन्महिने मालकांनी सगळं मोजलं होतं, एवढं एक सोडून. ते गॅरेजच्या दाराकडे गेले, बाहेर रस्ता बघून परत आले.

"रबर घट्ट करा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "संपादक, तुम्हाला रजा मिळेल का?"

मला रजा मिळाली. सकाळी लवकर निघालो. मी पुढे, ताई मागे डावीकडे, ट्रंक डिकीत. पनवेल मागे पडलं, महाड आलं. ताई वाटेत मला गावांची नावं विचारत होत्या, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. कशेडी घाटात त्यांचा आवाज बंद झाला. मी वळून बघणार तेवढ्यात मालकांनी हाताने थांबवलं. त्यांनी समोरचा आरसा असा लावला होता की त्यात मागचा रस्ता दिसत नसे, मागची डावी सीट दिसे. ताई झोपल्या होत्या. डोकं सरळ होतं, वळणावर कलंडत नव्हतं. संपूर्ण घाट मालकांनी हॉर्न वाजवला नाही. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकत ते उतरले.

गावात आम्ही दोन रात्री राहिलो. वहिनी बोलकी होती. पहिल्या संध्याकाळीच तिने आणि ताईंनी न थांबता इतक्या गप्पा मारल्या की मुंबईतल्या ताई याच का, असं मला वाटलं. मालक ओटीवर बसून होते. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यापाशी येऊन टेकले. पाऊसपाणी, आंबा, मुंबईची महागाई झाली. मग त्यांनी सहज विचारलं, "ताईंचं वय काय झालं असेल हो आता?"

मी मालकांकडे पाहिलं. ते अंगणाकडे बघत होते.

"असेल साठीच्या आतबाहेर," ते म्हणाले.

आकड्याला 'असेल' लावलेलं मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. आतलं बोलणं थांबलं होतं. मग माजघरातून ताईंचा आवाज आला.

"चौसष्ट पूर्ण. त्याला काय विचारता? त्याला मोजता येत नाही."

वहिनी हसली. म्हातारे गृहस्थही हसले. मालकांनी खिशातली पट्टी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा खिशात ठेवली.

परत निघालो त्या सकाळी ताई फाटकापर्यंत आल्या. वहिनीने नारळ आणि आमसुलं दिली, ती डिकीत गेली. मी माझ्या सवयीने पुढे बसलो. मालकांनी गाडी सुरू केली. ताई मागच्या डाव्या दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि आत, रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"हळू जा रे," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. चिपळूणच्या पुढे, परशुराम घाट चढताना, एका वळणावर खडी पसरली होती. गाडीचं तोंड वळलं, पण मागचा भाग वळणाबाहेर सरकला. दरीच्या बाजूचा दगडी कठडा मला माझ्या खिडकीतून दिसायला नको होता तिथे दिसला. मालकांनी स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी हलली, सरळ झाली. त्यांनी ती कडेला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. दोघेही खाली उतरलो.

"मागे बसा," ते म्हणाले.

मी मागे, डावीकडे बसलो. ते उकिडवे बसले आणि पट्टी लावली. बराच वेळ ती तशीच धरून होते.

"तुम्ही जास्त आहात."

"चालेल का?"

"आज चालेल."

आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, त्यांना मी दिसत असणार. सपाटीला आल्यावर त्यांनी विचारलं, "ती कोणाला म्हणाली?"

'हळू जा रे'बद्दल विचारत होते, हे मला कळलं. मलाही ताई 'रे' म्हणत असत.

"तुम्हाला," मी म्हटलं.

"तुम्ही बातमीवाले. नक्की माहीत असेल तरच सांगा."

"गाडी मी चालवत नव्हतो," मी म्हटलं.

त्यांनी त्यावर विचार केला असावा. महाड येईपर्यंत गाडी एकाच, कमी वेगात चालत होती. मागून येणारी प्रत्येक एस.टी. आम्हाला मागे टाकून गेली.

त्यानंतर मी त्या घरात आणखी काही महिने राहिलो. चहा आता मालक करत. साखर बरोबर असे. सकाळी ते कप माझ्यासमोर ठेवत आणि कधी कधी सुरुवात करत, "तिला सांगा," आणि थांबत. मग पेपर उघडत. मी असून त्या घरात माझं काही काम उरलं नव्हतं. पुढे माझं लग्न ठरलं आणि मी मुलुंडला गेलो. माझ्या जागी त्यांनी कोणाला ठेवलं नाही.

मी अधूनमधून बोरिवलीला जात असे. बाबीने त्यांना अनेकदा सांगितलं होतं की जाड दांडा काढून जुना लावा, जुना त्याने जपून ठेवला होता. मालक ऐकत नसत. गाडीच्या मागच्या डाव्या सीटवर गॅलरीतली लोखंडी वजनं रचलेली असत, घसरू नयेत म्हणून सुती पट्ट्याने बांधलेली आणि वरून ताईंची मागे राहिलेली शाल घातलेली. ती घेऊन ते बाजारात जात, पेन्शनला जात, रविवारी आरेच्या रस्त्याने मरोळपर्यंत जाऊन परत येत. तिथे आता कोणाला भेटायचं नव्हतं. सोसायटीतल्या पोरांनी त्या शालीला एक नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं.

वर्षातून एकदा ते गावी जात. ताई बोलतात का, असं मी एकदा विचारलं.

"वहिनी असते ना मध्ये," ते म्हणाले.

शेवटची आठवण मालाडच्या गॅरेजमधली. मी काही कामाने त्या बाजूला गेलो होतो, त्यांची गाडी दिसली म्हणून थांबलो. ते नुकतेच गावाहून आले होते. बरेच थकलेले दिसत होते. बाबीने मागचं दार उघडून शाल बाजूला केली आणि आतलं पाहून म्हणाला, "ह्यातला एक खंय गेला?"

पाच किलोचं एक वजन नव्हतं.

"काढलं," मालक म्हणाले. "गावात ताईला देवळापर्यंत गाडीतून नेलं. तेव्हा पट्टी लावली. कमी भरलं."

बाबीला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहेबानू, मागचा वजन कमी केलास तर गाडी फिरतली. मी सांगलेलंय तुमका."

"माहीत आहे," मालक म्हणाले. त्यांनी शाल पुन्हा नीट घातली, कडा सीटच्या फटीत खोचल्या. "पण माप खरं हवं."

ते पुढे बसले, आरसा हाताने जरासा खाली केला आणि हळू निघाले.